‘चालून नाही रायलं’ एवढ्याने भागत नाही : सॉफ्टवेअरमधला बिघाड कसा कळवावा आणि आभार कसे मानावेत

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका गावात माझे झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. भिंतीला भिंत लागून मोटार वायंडिंगचे दुकान आहे. बिघाड कसा सांगावा याचे जे काही शिक्षण मला मिळाले, ते त्या भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या बोलण्यातून मिळाले. एखादा शेतकरी पाण्याची मोटार दुचाकीच्या मागे बांधून आणतो आणि म्हणतो, “भाऊ, चालून नाही रायली.” मिस्त्री मोटार बाजूला ठेवतो आणि विचारू लागतो : बटण दाबल्यावर घरघर येते की काहीच आवाज येत नाही, स्टार्टर लगेच पडतो की थोड्या वेळाने, लाइन आली तेव्हा तिन्ही फेज होत्या का, आधी कोणी उघडून पाहिली का? दुसरा एखादा येतो तो सांगतच येतो, “रात्री बाराला लाइन आली, मोटार लावली, दहा मिनिटं पाणी बराबर आलं, मंग घरघर सुरू झाली आन् स्टार्टर पडला, पुन्हा लावली तं लगेच पडला.” या दुसऱ्या माणसाचे अर्धे काम तिथेच झालेले असते, कारण कुठून शोधायला सुरुवात करायची हे मिस्त्रीला मोटार उघडण्यापूर्वीच कळलेले असते.

संगणकावरचा किंवा मोबाईलवरचा एखादा प्रोग्राम बिघडतो तेव्हा आपण बहुतेक जण पहिल्या शेतकऱ्यासारखे बोलतो, आणि त्याहून वाईट म्हणजे अनेकदा बोलतच नाही. “आपल्यालाच येत नसेल,” असे म्हणून माणूस गप्प बसतो. मात्र मोटारीच्या आणि सॉफ्टवेअरच्या मिस्त्रीत एक मोठा फरक आहे. मोटार मिस्त्रीच्या हातात असते, तो ती खोलून पाहू शकतो. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस मात्र आपला पडदा कधीच पाहत नाही. तो हजारो किलोमीटर दूर, वेगळ्या संगणकावर, वेगळ्या भाषेत काम करत असतो, आणि त्याच्याकडे त्या क्षणी तोच प्रोग्राम उत्तम चालत असतो. आपण लिहून पाठवलेल्या चार ओळी हेच त्याचे डोळे असतात.

हे सगळे मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत विशेष लागू पडते. मुक्त, किंवा ज्याला ओपन सोर्स म्हणतात, ते सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट मिळणारे नव्हे. त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी लिहिलेला असतो त्या ओळी, कोणालाही वाचता येते, हवी तशी वापरता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. परवानाच तसा असतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे, म्हणजे बाजारच्या दिवशी भाजी विकणाऱ्या बाईच्या पिशवीतही तो आहे. नारिंगी शंकूचे चिन्ह असलेला व्हीएलसी प्लेअर फ्रान्समधल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस त्याच जातकुळीतले. यांतल्या मोठ्या प्रकल्पांवर पगारी अभियंतेही असतात, पण त्यांच्या आधाराला असलेले असंख्य लहान तुकडे एखाद-दुसरा माणूस नोकरी सांभाळून, रात्री जागून सांभाळत असतो. तेव्हा ‘कस्टमर केअर’ला फोन लावल्याच्या थाटात तिथे बोलून चालत नाही, कारण पलीकडे कस्टमर केअर नसते आणि आपणही कस्टमर नसतो.

सॉफ्टवेअरमधल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकात रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, अडकलेला एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला गेला, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची पद्धत मात्र त्याच्या कितीतरी आधीची, एडिसनच्या काळातली आहे. कपाशी लावणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गुलाबी बोंडअळीचे बोंड बाहेरून निरोगी दिसते. ते फोडल्याशिवाय आत काय चालले आहे ते कळत नाही.

आता माझाच एक अनुभव जरा तपशिलाने सांगतो, कारण बिघाड कळवण्याच्या सगळ्या पायऱ्या त्यात आल्या. लग्नसराईत मी पत्रिका छापून देतो आणि त्यासाठी एक मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट वापरतो. एका पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ हे शब्द ठळक अक्षरांत घेतले, तर त्यातला ऱ खालच्या टिंबासकट, पाय मोडलेला, एकटाच उभा राहिला आणि ह त्याच्या शेजारी सुटा पडला. साध्या अक्षरांत तोच शब्द अगदी बरोबर दिसत होता. आमच्या प्रदेशाच्या नावातच हा बिघाड निघावा याचे मला आधी हसू आले. मग नेहमीची वाट धरली, म्हणजे फॉन्ट बदलला आणि पत्रिका छापून दिली. खरे तर बहुतेक बिघाड याच ठिकाणी मरतात. गिऱ्हाईक खूश असते, पैसे मिळालेले असतात आणि कळवण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पण पुढच्या आठवड्यात गोष्ट आणखी चमत्कारिक झाली. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाने मोबाईलवर टाइप करून पाठवलेला मजकूर मी त्याच फॉन्टात, त्याच ठळक अक्षरांत घेतला आणि त्यातले ‘वऱ्हाडी’ नीट उमटले. तोच शब्द, तोच फॉन्ट, तोच संगणक. एक बिघडतो, दुसरा बिघडत नाही. तेव्हा मी पत्रिका बाजूला ठेवली आणि मिस्त्रीसारखा विचार करायला बसलो. आधी सगळा मजकूर काढून एकच शब्द ठेवला, मग शब्दही काढून ‘ऱ्ह’ एवढेच जोडाक्षर ठेवले, बिघाड कायम. ‘ऱ्य’ घेतले, म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ मधले, तेही बिघडले. ‘र्य’ घेतले, म्हणजे ‘सूर्य’ मधले; ते ठीक. तोपर्यंत बिघाड चार पानांवरून दोन जोडाक्षरांवर आला होता. इतरांना मी हाच सल्ला देतो : कळवण्यापूर्वी जेवढे काढून टाकता येईल तेवढे काढा आणि तरीही बिघाड राहतो का ते पाहा. जे शेवटी उरते तेच पाठवायचे असते.

एकाच शब्दाची ही दोन रूपे कुठून आली, ते थोडे समजावून सांगण्यासारखे आहे. पडद्यावर जे अक्षर दिसते त्याच्यामागे संगणक क्रमांक साठवतो, आणि जगभरच्या लिप्यांसाठी हे क्रमांक युनिकोड या एकाच पद्धतीने ठरलेले असतात. मराठीतला हा र, ज्याला काही जण पापणीचा र म्हणतात, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ या स्वतंत्र अक्षराचा ०९३१ हा क्रमांक आणि त्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यांच्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. वाचणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणूनच काही वेळा यादीत ‘शेतकऱ्यांना’ शोधले की निम्म्याच जागी सापडते. माझ्या संगणकाच्या कीबोर्डवर पहिली रीत होती आणि त्या गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर दुसरी. फॉन्टच्या ठळक रूपात पहिल्या रीतीसाठी लागणारे अर्धे अक्षर घालायचे राहून गेले होते. मी कळवले तेव्हा मला हे सगळे माहीत नव्हते. ते नंतर फॉन्ट करणाऱ्यानेच उलगडून सांगितले. तेव्हा कारण कळल्याशिवाय कळवू नये असे मुळीच नाही. मोटारवाल्याला कॉइल जळली की बेअरिंग गेले हे सांगता येत नाही. त्याने घरघर कधी सुरू झाली एवढे सांगितले तरी पुरते. उलट, स्वतःचा अंदाज खात्रीच्या सुरात सांगितला आणि जे प्रत्यक्ष पाहिले ते गाळले, तर मिस्त्री चुकीचा भाग खोलून बसतो.

मी जे लिहून पाठवले ते साध्या, तुटक इंग्रजीत होते. फॉन्टचे नाव आणि आवृत्ती, संगणकाची प्रणाली, कोणत्या प्रोग्राममध्ये पाहिले, मग क्रमाने काय केले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढेच त्यात होते. सोबत बिघडलेल्या आणि बरोबर अशा दोन्ही रूपांचे चित्र जोडले आणि तोच शब्द मजकूर म्हणूनही चिकटवला. देवनागरीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. पलीकडच्या माणसाला मराठी येत नसेल तर दोन चित्रांपैकी बरोबर कोणते हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि नुसत्या चित्रावरून मागचे क्रमांक कळत नाहीत. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे, तसे केल्याचे एका ओळीत नमूद करावे आणि मूळ मराठीही खाली ठेवावे; त्याला कोणी हसत नाही. ‘तातडीचे’, ‘लवकर करा’ असे शब्द मात्र घालू नयेत. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीत बिघाडाच्या प्रत्येक नोंदीला गांभीर्याच्या सात पायऱ्यांपैकी एक दिली जाते. वरच्या टोकाला संपूर्ण यंत्रणा बंद पाडणारा बिघाड असतो आणि तळाशी ‘विशलिस्ट’, म्हणजे असे असते तर बरे झाले असते, एवढीच इच्छा. आपल्याला अडलेले काम आपल्याला सगळ्यांत वरच्या पायरीचे वाटते, पण पत्रिकेतले एक अक्षर त्या पायरीवर बसत नाही, हे मान्य करावे.

एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना हात जोडून सांगावीशी वाटते. बिघाडाच्या नोंदी बहुधा सगळ्या जगाला दिसतील अशा ठेवलेल्या असतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात. आमच्या पडद्यावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके, सातबारे आणि जातीचे दाखले उघडे असतात. अर्ज भरताना काहीतरी अडले, घाईत स्क्रीनशॉट काढला आणि तसाच चढवला, तर गावातल्या कोण्या म्हाताऱ्याचा आधार क्रमांक कायमचा चव्हाट्यावर जातो. म्हणून बिघाड दाखवण्यासाठी नेहमी कोरी फाइल घ्यावी आणि तिच्यात बनावट नाव-क्रमांक टाकावेत. बनावट माहितीवर बिघाड होत नसेल तर तीही शोधाला उपयोगी पडणारी खूण असते.

कळवायचे कुठे, याचे उत्तर प्रोग्रामच्या ‘विषयी’ किंवा ‘मदत’ या पानावर बहुधा मिळते. कोणाची बिघाडांची नोंदवही गिटहबसारख्या संकेतस्थळावर असते, कोणी १९९८ पासून चालत आलेल्या बगझिला या बिघाड नोंदवण्याच्या प्रोग्रामचा वापर करतात. डेबियनची पद्धत आमच्या नेटवर्कला विशेष मानवते, कारण तिथे खाते न उघडता साध्या ईमेलने नोंद करता येते. पाऊस थांबून टॉवर सुरू झाला की पत्र जाते. अशा ठिकाणी आपला ईमेल पत्ता मात्र उघड होतो, म्हणून त्या कामासाठी वेगळा पत्ता असलेला बरा. नोंद करण्यापूर्वी शोध घ्यावा, कारण तोच बिघाड कोणीतरी आधीच कळवलेला असण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर त्याखाली ‘मलापण’ एवढेच लिहू नये. गिटहबवर पूर्वी अशा ‘प्लस वन’च्या ओळींचा इतका पूर यायचा आणि प्रत्येक ओळीगणिक सगळ्यांना सूचना जायची, की प्रकल्प सांभाळणारे वैतागले आणि अखेर २०१६ मध्ये तिथे अंगठ्यासारखी चिन्हे देण्याची सोय झाली. अंगठा द्यावा, किंवा आधीच्या नोंदीत नसलेली एखादी नवी माहिती लिहावी.

सुरक्षेला धोका पोचवणारा बिघाड मात्र उघड नोंदवहीत लिहू नये. दुसऱ्याचे खाते उघडता येते किंवा पासवर्ड न टाकता आत जाता येते, असे काही आढळले तर प्रकल्पाने सुरक्षेसाठी दिलेल्या खाजगी पत्त्यावर ते कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत गप्प राहावे. विहिरीला कठडा नाही हे सरपंचाला सांगणे वेगळे आणि चोराला घराची खिडकी मोडकी असल्याचे सांगणे वेगळे.

बारीकशा बिघाडाकडे लक्ष देणारा एक माणूस काय करू शकतो, याचे अलीकडचे मोठे उदाहरण २०२४ मधले आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारे अभियंते. डेबियनच्या ‘अनस्टेबल’, म्हणजे अजून काम चालू असलेल्या आवृत्तीत दूरच्या संगणकावर लॉगिन करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. दुसरा कोणी असता तर नेट हळू आहे म्हणून सोडून दिले असते. ते मागे लागले आणि शोध घेत घेत एक्सझेड या, फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा सॉफ्टवेअरपर्यंत पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. त्यांनी आधी संबंधितांना खाजगीत कळवले आणि २९ मार्च २०२४ रोजी सविस्तर माहिती जाहीर केली. तो चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरांवर पोचण्याआधीच पकडला गेला.

त्या प्रकरणाची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. एक्सझेड हे वर्षानुवर्षे जवळपास एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्या मागे टुमणे लावले की काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा. हा छंद म्हणून, विनामोबदला चालवलेला प्रकल्प आहे, याची आठवण त्याने करून दिली होती. मदतीला पुढे आलेल्या ज्या व्यक्तीने हळूहळू त्याचा विश्वास मिळवला, तिनेच पुढे तो चोरदरवाजा घातला. टुमणे लावणारी नावेही त्याच डावाचा भाग असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. ते डाव म्हणून केले असेल, पण अगदी तशाच भाषेत आपल्यातले कितीतरी सज्जन लोक निव्वळ अधीरतेपोटी लिहीत असतात. थकलेल्या माणसावर चढणारा हा ताण मोजायला कोणतेही मीटर नाही.

म्हणून आभारांचा विचार मी शिष्टाचार म्हणून करत नाही. प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या टपालात फक्त तक्रारी येतात, कारण ज्याचे काम सुरळीत चालले आहे तो कशाला लिहील? आपले काम कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे की नाही, हे त्याला कळायला दुसरी वाटच नसते. डेबियनवाल्यांना हे ओळखता आले असावे, कारण त्यांच्या बिघाड नोंदवण्याच्या ‘रिपोर्टबग’ या प्रोग्राममध्येच ‘कुडोज’ नावाचा एक पर्याय आहे. तो निवडला की तक्रारीऐवजी कौतुकाचे पत्र त्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्याकडे जाते. युरोपातली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप ही संस्था दरवर्षी १४ फेब्रुवारीला मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे आभार मानण्याचा दिवस पाळते. तो दिवस लक्षात ठेवायला सोपा आहे, त्या दिवशी आमच्या दुकानात ग्रीटिंग घ्यायला पोरे येतातच.

आभाराचे पत्र चांगले व्हायचे तर तेही बिघाडाच्या नोंदीसारखेच नेमके असावे लागते. ‘खूप छान, धन्यवाद’ हे वाचून कोणाचे काही बिघडत नाही, पण त्यातून काही कळतही नाही. तुमच्या फॉन्टात या हंगामात मी तीस पत्रिका छापल्या, कमी उजेडात वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनाही त्या वाचता आल्या, असे लिहिले तर लिहिणाऱ्याला आपले काम कुठवर पोचले ते दिसते. हे पत्र उघड्या बिघाड-नोंदीखाली टाकू नये; तिथे ते शेकडो लोकांच्या टपालात जाते. ईमेल किंवा चर्चेची जागा असेल ती पाहावी. पैसे द्यायची सोय अनेक प्रकल्पांकडे असते, पण ती बहुधा परदेशी कार्डाची असते आणि आमच्याकडून यूपीआयने ते जमत नाही. त्याची खंत करण्याचे कारण नाही. नवी आवृत्ती आली की ती लावून पाहणे आणि ‘दुरुस्त झाले, तपासले’ असे नोंदीखाली लिहिणे, हे फार थोडे लोक करतात आणि ते पैशांइतकेच कामाचे असते. दुसऱ्याच्या मराठी नोंदीला इंग्रजीत उतरवून देणे, किंवा प्रोग्राममधल्या मराठी शब्दांचे भाषांतर तपासणे, हेही घरबसल्या होते.

कधी कधी उत्तर नकाराचे येते. नोंद बंद होते आणि खाली ‘दुरुस्त करणार नाही’ असा शेरा मिळतो, किंवा जास्त माहिती मागितली जाते आणि आपण दोन महिने न दिल्याने ती आपोआप बंद होते. पहिल्यात अपमान मानू नये. संहिता त्यांची, वेळ त्यांचा. दुसऱ्यात चूक आपली असते.

माझ्या नोंदीला नवव्या दिवशी उत्तर आले. अर्धे अक्षर ठळक रूपात राहून गेले होते, पुढच्या आवृत्तीत घालतो, असे त्यात होते. आणि तपासण्यासाठी असे आणखी शब्द सुचवता येतील का, अशी विचारणा होती. मी दुकान बंद करून रात्री यादी केली : वऱ्हाड, कुऱ्हाड, बिऱ्हाड, चऱ्हाट, गुऱ्हाळ, गोऱ्हा, तऱ्हा, पऱ्हाटी, पायऱ्या, दऱ्या, कोऱ्या, शेतकऱ्यांना. नवी आवृत्ती आल्यावर मी ती लावून बाराही शब्द ठळक अक्षरांत छापले, कागदाचे चित्र काढले आणि ‘सगळे बरोबर’ असे लिहून पाठवले. त्यावर फॉन्ट करणाऱ्याने विचारले की यातला पऱ्हाटी हा शब्द त्याला कोणत्याच शब्दकोशात सापडला नाही, त्याचा अर्थ काय. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वावरात जाऊन फुटलेल्या कापसाचा फोटो काढला आणि उत्तरासोबत जोडला.